रब्बी ज्वारी आणि पीक मॉडेल: सोलापूरच्या रानात सुरुवात कुठून करायची

मोहोळ तालुक्यात आमचं रान आहे, निम्मं भारी काळं आणि निम्मं मुरमाड, आणि गेली काही वर्षं मी रब्बी ज्वारीसाठी पीक सिम्युलेशन मॉडेल चालवतोय. कृषीची पोरं, गटशेतीवाले, एखादा पाहुणा, सगळे विचारतात की हे सुरू कसं करायचं, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. कॉम्प्युटर साधा चालतो, प्रोग्रामिंग यायची गरज नाही, पण कुदळ आणि टेप लागेल, ते का ते पुढं कळेल.

आधी मॉडेल म्हणजे काय ते. रानाच्या ओलीचं पासबुक समजा. आज पाऊस किती जमा झाला, त्यातला वाहून किती गेला, उन्हानं किती उडाला, मुळांनी किती ओढला, आणि संध्याकाळी शिल्लक किती. ती शिल्लक उद्याची सुरुवात. असं पेरणीपासून काढणीपर्यंत रोज, आणि त्या शिल्लकेवर पान किती वाढलं, दाणा किती भरला याचा हिशोब. बस एवढंच.

आता सोलापुरात याचा उपयोग काय, तर आपल्याकडं वर्षाचा पाऊस सरासरी पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर म्हणायचा पण तो पडतो कधी आणि कसा हेच खरं. २०१८ ला परतीच्या पावसानं तोंड फिरवलं आणि कडब्यालाही महाग झालो, २०२० च्या ऑक्टोबरात एका दिवसात रानं तुडुंब भरली, २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीचं पाणी गावात शिरलं. असल्या हवामानात 'सरासरी वर्ष' धरून वाण आणि तारीख ठरवली की फसायला होतं. मॉडेलवर तुम्ही एकाच संध्याकाळी तीस वर्षांच्या तीस पेरण्या करून बघू शकता, रानात त्याला एक आयुष्य जातं.

कोणतं मॉडेल घ्यायचं

नावं बरीच ऐकाल. डीसॅट आहे, त्यात ज्वारी, मका, सोयाबीन, हरभरा अशी खूप पिकं, खताचा नत्राचा हिशोब चांगला, पण वाणाचे गुणांक, म्हणजे तो वाण कसा वाढतो ते सांगणारे आकडे, भरताना नवखा माणूस दमतो. ऑस्ट्रेलियाचं ॲप्सिम आहे, पीक फेरपालटीला छान. दिल्लीच्या पुसा संस्थेचं इन्फोक्रॉप आहे, आपल्या देशातल्या पिकांसाठीच बनवलेलं. आणि एफएओचं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेचं, ॲक्वाक्रॉप. कोरडवाहूत आपला प्रश्न पाण्याचा आणि ॲक्वाक्रॉप पाण्यावरच चालतं, इनपुट कमी मागतं, फुकट आहे, म्हणून सुरुवात याच्यावर करा असं माझं स्पष्ट मत. त्यात ज्वारी, मका, सोयाबीन, सूर्यफूल, ऊस आहे. डाळिंबवाल्यांनी मात्र याच्या नादी लागू नका, फळझाडासाठी ते बनवलेलंच नाही.

पहिली गोष्ट: प्रश्न कागदावर लिहा

'मॉडेल वापरून शेती सुधारायची' हा प्रश्न होत नाही. 'माझ्या पन्नास सेंटिमीटर खोलीच्या रानात मालदांडी ज्वारी २० सप्टेंबरला पेरली तर बरं का १० ऑक्टोबरला' हा प्रश्न झाला. 'बंदिस्त वाफे (बांध घालून पाणी जागीच अडवणारे) केले तर कोरड्या वर्षात एकरी किती फरक पडेल' हा पण झाला. एका वेळी एकच घ्या. मी सुरुवातीला वाण, तारीख, खत सगळं एकदम बदलून बघत होतो आणि शेवटी कशामुळं काय झालं तेच कळेना, महिना गेला त्यात.

दुसरी: खड्डा खणा

इथं सगळे घाई करतात आणि इथंच सगळा खेळ आहे, त्यामुळं जरा सविस्तर सांगतो.

रब्बी ज्वारी पावसावर येतच नाही, ती जमिनीत साठलेल्या ओलीवर येते. पेरणीनंतर एखादी सर आली तर आली. म्हणजे दोनच आकडे महत्त्वाचे, एक जमीन किती खोल आहे आणि दुसरा पेरताना त्यात ओल किती होती. सोलापूरला कोरडवाहू शेतीचं संशोधन १९३३ पासून चालू आहे, राहुरी विद्यापीठाच्या शिफारशी पण जमिनीच्या खोलीवरच आहेत बघा, हलक्या रानाला फुले अनुराधा, फुले माउली, मध्यमला फुले सुचित्रा, मालदांडी, भारीला फुले वसुधा, फुले यशोदा. उगाच नाही ते.

तर रानात तीन ठिकाणी, वरच्या बांधाला, मधे आणि खालच्या अंगाला, मुरूम किंवा चुनखडीचा थर लागेपर्यंत खणा आणि टेपनं मोजा. आमच्या एकाच पट्टीत वर ४५ सेंटिमीटरला मुरूम लागला आणि खाली ९० ला, वरून बघाल तर सगळं काळंच दिसतं. मोठा भाऊ म्हणाला होता की एवढं खणायची गरज काय, रान आपलंच आहे की, पण खरं सांगतो तो खड्डा खणेपर्यंत आमच्यातल्या कुणालाच हे दोन आकडे माहीत नव्हते.

आता हिशोब बघा. ॲक्वाक्रॉपमध्ये जमिनीचा प्रकार 'क्ले' निवडला की ते धरतं, वापशाला, म्हणजे जादा पाणी निथळून गेल्यावर, पाणी घनफळाच्या ५४ टक्के आणि पीक सुकायच्या बिंदूला, म्हणजे जिथून पुढं मुळांना पाणी ओढता येत नाही तिथं, ३९ टक्के. मधला फरक १५ टक्के, म्हणजे एक मीटर खोलीला १५० मिलिमीटर पाणी पिकाच्या कामाचं. ९० सेंटिमीटरला झालं १३५ आणि ४५ ला जेमतेम ६७. एकाच पट्टीत, एकाच पावसात, एकाच दिवशी पेरलेल्या ज्वारीला वरच्या बाजूला निम्मी शिदोरी. हे मॉडेलला सांगायचं असेल तर दोन वेगळी सॉइल फाइल करा, मुरमाचा थर किती खोलीवर लागतो ते 'रिस्ट्रिक्टिव्ह लेअर'मध्ये टाका. सरासरी काढून एकच फाइल केली तर दोन्ही बाजूंचं चुकीचं येतं.

ते ५४ आणि ३९ हे आकडे पण डिफॉल्ट आहेत. मातीचा नमुना प्रयोगशाळेत देताना नुसतं नत्र-स्फुरद-पालाश मागू नका, चिकणमातीचं प्रमाण, घनता, जलधारण क्षमता आणि सुकण्याचा बिंदू पण मागा. पैसे थोडे जास्त जातात, पण हा खर्च एकदाच, जमीन काय दरवर्षी बदलत नाही.

तिसरी: पेरणीच्या दिवसाची ओल

माझं पहिलं वर्ष इथंच चुकलं. ॲक्वाक्रॉपला सुरुवातीची ओल सांगितली नाही तर ते जमीन वापशाला पूर्ण भरलेली आहे असं धरून चालतं. मी सगळं नीट भरलं आणि हा एक रकाना तसाच सोडला. स्क्रीनवर ज्वारी झकास आली आणि रानात पोटरीतच, कणीस बाहेर पडायच्या आधीच, करपली. चुलत्यांना दाखवलं तर तात्या एवढंच म्हणाले, "आरं, हस्त कोरडा गेलाय, ह्येला ओल आली कुठनं?" त्यांनी स्क्रीन नीट बघितली पण नव्हती, आणि चूक अचूक धरली.

यावर दोन उपाय आहेत. पहिला सोपा: सिम्युलेशन पेरणीच्या दिवशी सुरू करू नका, १ जूनला सुरू करा. उन्हाळ्याच्या शेवटी आपलं काळं रान कोरडं ठणठणीत, भेगा पडलेलं असतं, म्हणून सुरुवातीची ओल सुकण्याच्या बिंदूला ठेवा, आणि मग मृगापासून उत्तरा-हस्तापर्यंतचा खरा पाऊस मॉडेललाच साठवू द्या. पेरणीच्या तारखेला शिल्लक किती ते आपोआप येतं.

दुसरा उपाय: मोजा, आणि मी म्हणेन दोन्ही करा. पेरणीच्या दिवशी १५-१५ सेंटिमीटरच्या थरातली माती झाकणाच्या डबीत घ्या, लगेच वजन करा, मग १०५ डिग्रीला २४ तास ओव्हनमध्ये वाळवा, परत वजन करा. ओव्हन जवळच्या कृषी कॉलेजात असतो, विचारलं तर देतात. समजा ओली माती १६० ग्रॅम, वाळून १२० झाली, म्हणजे पाणी ४०, आणि ४० ला १२० नं भागलं की ३३ टक्के. याला घनतेनं गुणायचं, आपल्या काळ्या मातीची १.३ धरा, आले ४३ टक्के घनफळाचे. १५० मिलिमीटरच्या थरात झालं ६५ मिलिमीटर पाणी. वाचायला भरपूर वाटतं, पण त्यातलं ३९ टक्के, म्हणजे साडेअठ्ठावन्न मिलिमीटर, माती सोडतच नाही. पिकाला राहिलं साडेसहा. माती हातात घेतली तर गोळा होतोय, बोटाला ओल लागतीय, आणि कामाचं पाणी साडेसहा मिलिमीटर! काळ्या रानाची ही फसगत एकदा स्वतः मोजून बघा, परत कधी नुसत्या हाताच्या अंदाजावर राहणार नाही तुम्ही.

चौथी: हवामानाची फाइल

रोजचं कमाल-किमान तापमान, पाऊस, आर्द्रता, वारा, सूर्यप्रकाश लागतो. नासाच्या 'पॉवर' या हवामान माहितीच्या साइटवर जायचं, नकाशावर आपलं गाव धरायचं, सोलापूर शहर साधारण १७.६६ अक्षांश ७५.९१ रेखांशावर आहे, तिथून आपलं शोधा, आणि रोजची माहिती उतरवून घ्या. तापमान १९८१ पासून मिळतं, सूर्यप्रकाश १९८४ पासून. यावरून बाष्पीभवन ॲक्वाक्रॉप स्वतः काढतं, फक्त समुद्रसपाटीपासूनची उंची द्या, आपल्याकडं साधारण साडेचारशे मीटर.

पाऊस मात्र तिथला घेऊ नका. ती माहिती मोठ्या चौकोनाची असते, आणि आपल्याकडं बांधाच्या अलीकडं पाऊस आणि पलीकडं धूळ हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यात जोरदार पाऊस पसरून बरेच दिवस भुरभुर झाल्यासारखा दिसतो, भुरभुर वरच्यावरच उडून जाते आणि खालची ओल चुकते. अलीकडच्या वर्षांसाठी कृषी विभागाच्या महारेन साइटवरून आपल्या मंडळाचा पाऊस घ्या. जुन्या तीस वर्षांसाठी हवामान खात्याची पाव अंशाच्या चौकोनाची रोजच्या पावसाची माहिती १९०१ पासून आहे, ती वापरा. आणि स्वतःच्या रानात पर्जन्यमापक बसवा, सकाळी साडेआठला वाचून वहीत लिहा. त्या वहीसारखी फाइल दुसरी कुठलीच नाही.

पाचवी: मालदांडीला मालदांडीसारखं करा

ॲक्वाक्रॉपमध्ये ज्वारीची तयार फाइल आहे पण ती आपल्या वाणावर बेतलेली नाही. मालदांडी ३५-१ ही मोहोळचीच निवड, उंच, कडब्याची, आणि आपल्याकडं अर्धा पैसा कडब्यात असतो. डिफॉल्ट फाइल एकूण वजनातला दाण्याचा वाटा जास्त धरते, तसंच चालवलं तर दाणा फुगवून सांगते आणि कडबा कमी. काढणीला तीन बाय तीन मीटरचा चौकोन आखून कापा, वाळवा, सगळ्याचं वजन करा, मग दाण्याचं वेगळं करा. दाणा भागिले एकूण, तो आकडा टाका. एकाच वर्षावर जाऊ नका, चांगल्या ओलीच्या वर्षातला घ्या, कोरड्या वर्षात तो कसा घसरतो ते मॉडेलला काढू द्या.

झाडांची संख्या: ४५ बाय १५ वर पेरली तर हेक्टरी साधारण १ लाख ४८ हजार येतात, पण रानात मोजून टाका, खोडमाशीनं पोंगे मारलेले असतात. उगवण, पोटरी, निसवणं, दाणा पक्का होणं, या चार तारखा वहीत हव्यात. जमीन किती झाकली गेली ते बघायला कॅनोपिओ नावाचं फुकट ॲप आहे, मोबाइल उंच धरून खाली फोटो काढला की हिरवं किती टक्के ते सांगतं, दर पंधरा दिवसाला काढा.

आणखी एक, पीक 'दिवसात' चालवायचं का 'उष्णता-दिवसात' असा पर्याय येतो, तिथं उष्णता-दिवस घ्या. कारण पुढं तापमान वाढवून बघायचंय. समजा दिवसाचं कमाल २९, किमान १५, सरासरी २२, ज्वारीचं मूळ तापमान (ज्याच्या खाली वाढ थांबते ते) ८ वजा केलं की रोजचे १४. १२० दिवसांत १६८०. आता दोन्ही एक अंशानं वाढले तर रोजचे १५, आणि १६८० पुरे व्हायला लागले ११२ दिवस. आठ दिवस आधी पीक संपलं, तेवढे दिवस वाढीचे आणि दाणा भरायचे गेले. दिवसांचा पर्याय ठेवला तर ज्वारी १२० दिवसच उभी राहते आणि हा सगळा परिणाम दिसतच नाही.

सहावी: दुष्काळी वर्षावर परीक्षा

लगेच भविष्य बघू नका. आधी मागची वर्षं चालवा. मी २०१८ आधी घेतो. त्या वर्षी हलक्या रानात काय झालं ते गावातल्या प्रत्येकाला आठवतं, मॉडेलनं जर त्या वर्षी हलक्या रानात एकरी पाच-सहा क्विंटल दाखवलं तर मॉडेल चुकलंय, परत ओल आणि खोली तपासा. मग २०२० घ्या, मग एखादं मधलं वर्ष. वर्षावर्षाचा चढउतार बरोबर पकडला तर पुढं जा, आकडा थोडा इकडंतिकडं असला तरी चालेल.

आकडा वाचताना दोन गोष्टी. तो टन प्रति हेक्टर असतो, एकरी क्विंटल करायला चारनं गुणा, जवळपास बरोबर येतं. आणि तो पूर्ण कोरड्या दाण्याचा असतो, आपल्या पोत्यातल्या दाण्यात दहा-बारा टक्के ओल असते, म्हणजे पोत्याचं वजन त्यापेक्षा थोडं जास्त भरणार.

सातवी: आता तीस वर्षं

ॲक्वाक्रॉपच्या 'प्रोजेक्ट'मध्ये एकापाठोपाठ अनेक वर्षं चालवायची सोय आहे. पेरणीच्या तीन तारखा, १५ सप्टेंबर, २५ सप्टेंबर, ८ ऑक्टोबर, आणि जमिनीची खोली दोन प्रकारची, ४५ आणि ९० सेंटिमीटर. झाले सहा प्रोजेक्ट. प्रत्येकात तीस उत्पन्नं येतील, ती लहानापासून मोठ्यापर्यंत लावा. सरासरी बघू नका. तीसपैकी किती वर्षांत खर्च निघाला ते मोजा, आणि सगळ्यात वाईट सहा वर्षांत काय झालं ते बघा, कारण कर्ज त्याच वर्षांत होतं.

मग बंदिस्त वाफे. मॉडेलमध्ये बांधाची उंची टाकायची सोय आहे, पाणी वाहून न जाता जागीच मुरतं असं ते धरतं. वाफ्यांसह आणि वाफ्यांशिवाय अशी तीस-तीस वर्षं चालवा. भारी रानात जोराचा पाऊस झालेल्या वर्षी फरक दिसेल, आणि ज्या वर्षी पाऊसच नव्हता त्या वर्षी काहीच नाही, अडवायला पाणीच नाही तर वाफे काय करणार. हलक्या रानात मुरून मुरमाखाली गेलेलं पाणी पण दिसेल. कुठल्या पट्टीत आधी वाफे करायचे हे ठरवायला याच्याइतकं उपयोगी मला काही सापडलं नाही.

पुढचं हवामान बघायचं असेल तर त्याच तीस वर्षांचं तापमान एक, दोन अंशांनी वाढवा, पाऊस दहा टक्के कमी-जास्त करा. हवेतला कार्बन डायऑक्साइड पण बदलता येतो, पण ज्वारी सी-फोर गटातली, म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड आधीच नीट वापरणारी, आहे, सोयाबीन-हरभऱ्याइतका फायदा तिला त्याचा होत नाही, तेव्हा त्या आकड्यानं उत्पन्न फार वाढलं तर शंका घ्या.

हे मॉडेलला कळत नाही

खोडमाशी नाही, खडखड्या रोग नाही, मावा-चिकटा नाही, पाखरं नाहीत. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट नाही. लवकर पेरणी मॉडेलवर नेहमी चांगली दिसेल कारण ओल जास्त, पण सप्टेंबरच्या सुरुवातीला पेरली की खोडमाशी किती लागते ते तुम्हाला माहीत आहे, म्हणून विद्यापीठाच्या १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या पट्ट्याच्या बाहेरच्या तारखेवर मॉडेल कितीही गोड बोललं तरी जाऊ नका. भेगा पण त्याला कळत नाहीत. काळ्या रानाला मृगात हातभर भेगा असतात, पहिला पाऊस त्यातून थेट खाली जातो, मॉडेल मात्र वरून खाली थरानं भिजवतं. म्हणून जूनपासून चालवलेली ओल आणि सप्टेंबरात डबीनं मोजलेली ओल जुळत नसेल तर मोजलेली खरी धरा.

आणि शेजाऱ्याला सांगताना 'कॉम्प्युटर म्हणतोय सात क्विंटल येईल' असं कृपा करून सांगू नका. एखाद्यानं त्या आकड्यावर उचल घेतली आणि वर्ष कोरडं गेलं तर तो तुम्हालाही विचारणार नाही आणि मॉडेललाही. 'वरच्या पट्टीत मागच्या तीसपैकी एवढ्या वर्षांत उशिराची पेरणी बसली नाही, आता तुम्ही बघा' असं सांगा. मी येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, रानात जेवायला सगळे जमतात तेव्हा कागदावर तीस उभ्या रेघा काढून नेतो, एक रेघ एक वर्ष. माणसं आपापली वर्षं बोट ठेवून ओळखतात, ही लेकीच्या लग्नाची, ही बैल विकल्याची, आणि जिथं रेघ आणि आठवण जुळत नाही तिथं मी पेन्सिलनं खूण करून घरी येऊन त्या वर्षाचा पाऊस परत तपासतो.